खांदेमळणी एका दिवसाची, जू वर्षभराचे

तहसील कचेरीच्या आवारात मांडव पडलेला असतो. मागे फलक – 'शासकीय कर्मचारी आरोग्य तपासणी शिबिर'. रक्त द्यायचे म्हणून सकाळपासून उपाशी आलेले तलाठी, ग्रामसेवक, कोतवाल, शिपाई, नर्सबाई रांगेत उभे असतात. उद्घाटक साहेबांची गाडी यायला साडेअकरा वाजतात. मग दीपप्रज्वलन, मग सत्कार, मग 'आरोग्य हीच संपत्ती' यावर तीन भाषणे. तोवर रांगेतल्या दोघाचौघांनी चहा-बिस्कीट खाऊन घेतलेले असते, म्हणजे त्यांच्या साखरेचा आकडा उपाशीपोटीचा राहिलेला नसतो. दुपारी दोनच्या आत शे-दीडशे माणसे 'तपासून' होतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो. तो छापणारे आम्हीच, तेव्हा त्यातला आमचा वाटाही कबूल करून टाकतो.

त्याच दिवशी तिकडे सजाच्या गावी चावडीला कुलूप असते. फेरफाराची नोंद लागली का, हे बघायला आलेला शेतकरी पायरीवर बसून तंबाखू मळतो आणि घरी जातो. "भाऊसाहेब शिबिराला गेलेत." ठीक आहे, एक दिवस गेला तर गेला. पण महिन्याभराने त्या तपासणीचे कागद कुठे असतात? आस्थापना शाखेच्या टेबलावर, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात. ज्याची साखर तीनशेवर निघाली त्याचा कागदही त्याच गठ्ठ्यात. त्याला स्वतःला पत्ता नाही.

हे चित्र कुण्या एका तालुक्याचे नाही. कुणा एका साहेबावर बोट ठेवण्यासाठीही हे लिहीत नाही. प्रश्न एवढाच आहे की सरकारी नोकराच्या आरोग्यासाठी जे काही चालते त्याने त्याची प्रकृती सुधारते का, आणि ते कुणी मोजते का?

शेतकऱ्याला याचे काय?

इथेच बरेच वाचक म्हणतील, "त्यांना पगार आहे, सुट्टी आहे, पेन्शनचे बघणारे आहेत. आमच्या दुखण्याचे कोण बघतो? उन्हातान्हात राबतो तो शेतकरी, आणि आरोग्य शिबिर भाऊसाहेबांचे?" हा राग खोटा नाही. चिरीमिरीशिवाय कागद न हलवणारे आहेत, मुख्यालयी न राहता तालुक्याहून येऊन-जाऊन नोकरी करणारे आहेत, हे आम्हीही पाहतो. कामचुकारांची वकिली करायला ही लेखणी उचललेली नाही.

पण व्यवहाराने विचार करा. अवकाळी पावसात द्राक्षबाग आडवी झाली तर पंचनाम्याला कोण येणार? तलाठी, कृषी सहाय्यक आणि ग्रामसेवक. मूल तापाने फणफणले तर आधी धाव कुणाकडे? उपकेंद्राच्या नर्सबाईकडे नाहीतर आशाताईंकडे. पोराला कॉलेजला नेणार कोण? एसटीचा ड्रायव्हर. ही माणसे आजारी पडली, रजेवर गेली, कामावर असून थकून बसली, तर नुकसान पहिल्यांदा गावाचे. एका तलाठ्याला अर्धांगाचा झटका आला की त्याचा सजा शेजारच्याच्या गळ्यात पडतो, आणि मग दोन्ही सजांची कामे रखडतात. बिघडलेल्या मोटारीने पाणी चढत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

कागदावर काय आहे?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. आजारपणाचा खर्च परत मिळण्यासाठी १९६१ चे वैद्यकीय देखभाल नियम आहेत. २०२२ मध्ये शासनाने ठरवले की चाळीस ते पन्नास वयाच्या कर्मचाऱ्याने दोन वर्षांतून एकदा आणि एक्कावन्नच्या पुढच्याने दरवर्षी तपासणी करून घ्यावी, त्यासाठी पाच हजार रुपयांपर्यंतचा खर्च शासन देईल. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला आणि कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. २०१५ पासून २१ जूनला योगदिन होतो. २०२१ मध्ये केंद्राच्या आयुष मंत्रालयाने कचेरीत खुर्चीजवळच करायच्या पाच मिनिटांच्या योगाचा कार्यक्रमही काढला.

यातली एकेक गोष्ट चांगलीच आहे. पण ती वरून खाली येताना पाझरत पाझरत किती उरते ते बघा. पाच दिवसांचा आठवडा मंत्रालयाच्या कारकुनाला खरा शनिवार देतो. तलाठ्याच्या शनिवारी मात्र गारपीट होते, निवडणुकीची यादी असते, नाहीतर साहेबांचा दौरा असतो. पाच मिनिटांचा योग खुर्चीजवळ करायचा, आणि नर्सबाई मोटारसायकलच्या मागे बसून लसीचा डबा सांभाळत वाडीवर निघालेली. तपासणीसाठी जायचे जिल्ह्याच्या गावी, म्हणजे एक दिवसाची रजा, आणि चार्ज द्यायला माणूस नाही. आजारपणाचे बिल करायचे तर आधी पदरचा पैसा, मग दाखले, मग जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कचेरीची वारी. ज्याच्याकडे हेलपाटे घालायला वेळ आणि ओळख आहे, त्याचे बिल निघते.

आणि सर्वांत खालची पायरी तर या कागदात बसतच नाही. आशाताई मानधनावर आणि मोबदल्यावर. अंगणवाडीताई मानधनावर. नळाला पाणी सोडणारा ग्रामपंचायतीचा नोकर. गावातल्या तिशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाचा आरोग्याचा फॉर्म आशाताई भरतात, कुणाला तंबाखू आहे, कुणाची कंबर किती, सगळे लिहून घेतात. त्यांचा स्वतःचा फॉर्म कुणी भरला का, हे कधी विचारून बघा.

मोजमाप चुकले की सगळेच चुकते

शिबिर झाले की अहवाल वर जातो. एवढी शिबिरे, एवढे लाभार्थी, एवढ्या तपासण्या. अहवालात माणूस बरा झाला का, हा रकाना नसतो.

याबाबतीत परदेशातला एक प्रयोग आपण समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या सरकारी विद्यापीठाने २०१६ मध्ये आपल्या नोकरांसाठी असाच आरोग्य कार्यक्रम सुरू केला. तपासणी, प्रश्नावली, व्यायामाचे आणि खाण्यापिण्याचे वर्ग, भाग घेणाऱ्याला वर पैसेही. पण तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी एक शहाणपणा केला. तयार झालेल्या सुमारे चार हजार आठशे नोकरांचे चिठ्ठ्या टाकावे तसे दोन गट पाडले. एका गटाला कार्यक्रम दिला, दुसऱ्याला दिला नाही. वर्षाने पाहिले तर दोन गटांच्या दवाखान्याच्या खर्चात, व्यायामाच्या सवयीत, कामाच्या उरकात म्हणण्यासारखा फरक नव्हता. तपासणी करून घेणारे वाढले, आणि 'मालकाला आमची काळजी आहे' असे वाटणारे वाढले. बस.

मग अशा कार्यक्रमांचे यशाचे आकडे एरवी कुठून येतात? तेही त्यांनी शोधले. कार्यक्रमाला आपण होऊन येणारी माणसे मुळातच धडधाकट होती. त्यांचा दवाखान्याचा खर्च आधीपासूनच कमी होता.

शेतकऱ्याला ही गोम लगेच कळेल. बियाणे कंपनीचा प्रात्यक्षिक प्लॉट आठवा. नवे बियाणे विहिरीकाठच्या काळ्या रानात लावायचे, जुने माळाच्या मुरमाड पट्टीत, आणि मग बोर्ड लावायचा – बघा उतारा! उतारा बियाण्याचा की रानाचा? आपल्या शिबिराचेही तसेच आहे. येतो तो तालुक्याच्या गावी राहणारा, वेळ असलेला, प्रकृतीची काळजी घेणारा. ज्याच्याकडे दोन सजे आहेत, ज्याला रात्री झोप नाही, जो मागच्या दाराने गुटखा मागवतो, तो शिबिराच्या दिवशी वसुलीला नाहीतर मिटिंगला असतो. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे. कचेरीच्या जिन्याचे कोपरे मात्र वेगळेच सांगतात.

साहेबापेक्षा शिपाई लवकर मरतो

आपल्याकडे एक समज पक्का आहे. हार्ट अटॅक हा मोठ्या माणसाचा आजार, डोक्याला ताण साहेबाला, शिपायाला काय ताण? हा समज खोटा ठरून पन्नास वर्षे होत आली.

लंडनमध्ये व्हाइटहॉल नावाच्या रस्त्यावर तिथल्या सरकारची मुख्य खाती आहेत. आपण मंत्रालय म्हणतो तसे. १९६७ मध्ये तिथल्या सतरा हजारांहून अधिक पुरुष सरकारी नोकरांची तपासणी झाली आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांची नोंद ठेवली गेली. सगळे एकाच शहरातले, सगळे सरकारी पगारावर, उपाशी कुणी नाही. तरीही हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या पायरीवरच्या निरोप्या-दरवानांमध्ये सुमारे तिप्पट निघाले. आणि हे नुसते वर-खाली असे दोनच भाग नव्हते. शिडीच्या प्रत्येक पायरीला, वरच्यापेक्षा खालच्याचा धोका जास्त.

खालची माणसे विडी-सिगारेट जास्त ओढत होती, हे खरे. पण विडी, रक्तदाब, चरबी हे सगळे हिशेबात धरूनही अर्ध्याहून अधिक फरक उरतच होता. म्हणून १९८५ पासून दहा हजारांवर नोकरांचा, यावेळी बायकांसह, दुसरा अभ्यास सुरू झाला. सर मायकल मार्मट हे त्याचे प्रमुख. त्यातून पुढे आलेली मोठी गोष्ट अशी – ज्याच्या कामावर त्याचा स्वतःचा ताबा नाही, कधी काय करायचे हे ज्याच्या हातात नाही, त्याला हृदयविकार जास्त.

आता हे वाक्य घेऊन आपल्या सजावर या. गावात भाऊसाहेब मोठा माणूस. पण महसूल खात्याच्या शिडीवर त्याच्या खाली कोतवालच काय तो. वरून फोन – आज संध्याकाळपर्यंत माहिती पाठवा. व्हॉट्सअपच्या ग्रुपवर रात्री दहाला आदेश, सकाळी अकराला अहवाल. पंचनामे दोन दिवसांत पुरे करा, गावे तीन, रस्ते चिखलाचे. खाली शेतकरी चिडलेला – माझे नाव यादीत का नाही? यादी केली कुणी, निकष ठरवले कुणी, पैसे अडले कुठे, यातले काहीच भाऊसाहेबाच्या हातात नाही. शिव्या मात्र त्याच्या वाट्याला. २०२४ मध्ये शासनाने तलाठ्याचे नाव 'ग्राम महसूल अधिकारी' केले, ग्रामसेवकाचे 'ग्रामपंचायत अधिकारी' केले. नावात अधिकारी आला. पण दिवस कसा घालवायचा याचा अधिकार आला का?

नोकरभरतीचेच घ्या. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या चार हजार सहाशे चव्वेचाळीस जागांची जाहिरात निघाली, अर्ज दहा लाखांवर आले. जागा मागणाऱ्या पोरांची ती करुण कहाणी आहेच. पण दुसरी बाजूही बघा. इतक्या ठिकाणी माणूस हवा होता आणि नव्हता, तोवर ते ओझे कुणाच्या पाठीवर होते? त्या पाठीला शिबिरातली मलमपट्टी किती पुरणार?

जू बघा, नुसता खांदा नको

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो. हळद-तूप लावतो, खांदा शेकतो, 'उद्या जेवायला या' म्हणून आवतण देतो. चांगली रीत आहे. बैलाचा मान राखला जातो. पण ऐन नांगरटीत बैलाचा खांदा सुजला तर जाणता शेतकरी नुसती हळद लावून पुन्हा औत धरत नाही. तो जू उलटून बघतो. कुठे खडबडीत आहे, कुठे कलते, शिवळ नीट आहे का, दुसरा बैल ओढतो की सगळा भार यालाच. जू नीट केल्याशिवाय खांदा बरा होत नाही.

सरकारी नोकरांचे आरोग्य शिबिर ही खांदेमळणी झाली. जू कुणी बघत नाही.

जू बघितल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पोलिसांच्या बारा-बारा तासांच्या ड्युटीची रड जुनी. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. कल्पना एका पोलीस शिपायाने मांडलेली, आणि वरच्यांनी ती ऐकली. पुढे मुंबईतल्या इतर ठाण्यांतही तो प्रयोग नेण्यात आला. तो सगळीकडे सारखा टिकला नाही, मनुष्यबळाचे गणित आड आले, हेही खरे. पण दिशा बरोबर होती. पोलिसाला 'ताण घेऊ नका' असे भाषण देण्याऐवजी ताण देणारे तासच कमी करायचे.

एसटीचे बघा. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ मध्ये केंद्राने कायदा केला. त्यात साधारण नियम दिवसाला आठ तासांचा, आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा होता. आणि जिथे कामगाराला रात्री मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीची खोली किंवा दुसरी योग्य सोय मालकाने करावी, असेही त्यात होते. कायद्याला साठ वर्षे उलटून गेली. आता आपापल्या गावची मुक्कामी गाडी डोळ्यासमोर आणा. ड्रायव्हर-कंडक्टर कुठे झोपतात? पुष्कळ गावांत गाडीतच, सीट जोडून, डासांत. सकाळी परसाकडे कुठे जातात, हे विचारायची आपल्यालाच लाज वाटावी. त्या ड्रायव्हरच्या हाती सकाळी आपण आपली लेकरे देतो. त्याचे डोळे वर्षातून एकदा तपासायचे आणि वर्षभर त्याची झोप मोडायची, याला आरोग्य कार्यक्रम म्हणायचे का?

बाईमाणसाची अडचण तर कुणी उघड बोलतही नाही. सरकारी नोकरीत महिलांना तीस टक्के आरक्षण आले, बऱ्याच सजांवर आज लेकीबाळी तलाठी म्हणून काम करतात. चावडी भाड्याच्या खोलीत, संडास नाही, असला तर त्याला कडी नाही, पाणी नाही. म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. मग लघवीची जळजळ, ताप, डोकेदुखी. तिला शिबिरात सांगतात, "ताई, पाणी भरपूर प्या." उपाय डॉक्टरकडे नाही, गवंड्याकडे आहे.

तपासणी हवीच, पण शेवटपर्यंत

याचा अर्थ तपासणी बंद करा, असा कुणी घेऊ नये. रक्तदाब आणि साखर हे मुके आजार आहेत. बीपी १४० वर ९० च्या पुढे राहू लागले, उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून वर दोनदा निघाली, तर माणसाला काही होत नसले तरी आत नासधूस सुरू झालेली असते. ते कळलेच पाहिजे. पण कळणे ही पेरणी झाली. खुरपणी, पाणी, राखण केल्याशिवाय पीक घरात येत नाही.

याचीही रीत आपल्याकडे घालून दिलेली आहे. २०१७ पासून देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे त्यात होते. त्याची पद्धत साधी. नोंदवलेल्या रुग्णाला ठरलेली गोळी गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात मिळावी, तो आला नाही तर विचारपूस व्हावी, आणि दर तिमाहीला हिशेब मांडावा – नोंदवलेल्यांपैकी कितीजणांचे बीपी १४०/९० च्या खाली आले? 'किती तपासले' यापेक्षा 'किती ताब्यात आले' याला तिथे किंमत आहे. गावच्या गोरगरिबांसाठी हा हिशेब होऊ शकतो, तर त्याच दवाखान्याच्या आवारात राहणाऱ्या नर्सबाईसाठी आणि पलीकडच्या चावडीतल्या भाऊसाहेबासाठी का होऊ नये?

यासाठी नवा मांडव नको, नवा निधी नको. दर महिन्याला तहसीलला आणि पंचायत समितीला मिटिंग असतेच. सगळे येतातच, न येऊन सांगतील कुणाला? त्या दिवशी एका कोपऱ्यात बीपीचे यंत्र आणि साखरेची पट्टी घेऊन एक सिस्टर दोन तास बसू द्या. ज्याचे जास्त निघाले त्याच्या हातात चिठ्ठी, नाव वहीत, गोळी त्याच्या गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. पुढच्या महिन्याच्या मिटिंगला पुन्हा तोच माणूस, तेच यंत्र. आणि त्या रांगेत आशाताई, अंगणवाडीताई, कोतवाल, पाणी सोडणारा, सगळ्यांना उभे राहू द्या. दंडाला पट्टा बांधताना तो कायम की मानधनी, हे यंत्र विचारत नाही.

एक पथ्य मात्र पाळा. आजाराचा आकडा ज्याचा त्याला, बंद पाकिटात. मिटिंगमध्ये नावे वाचून दाखवू नका. साहेबाला कळले तर बदली होईल, नाहीतर 'हा कामाचा नाही' असा शिक्का बसेल, या भीतीने पुष्कळजण तपासणीच टाळतात. वर फक्त बेरीज जावी, नावे नकोत.

पाच प्रश्न विचारा

जिल्हा परिषदेचे सदस्य, पंचायत समितीचे सभापती, तहसीलदार, बीडीओ आणि कर्मचारी संघटनांचे पुढारी यांच्यापुढे आम्ही पाच प्रश्न ठेवतो. शिबिराचा अहवाल आला की शिबिरे किती झाली हे विचारू नका. एवढेच विचारा.

एक, सर्वांत खालच्या पायरीची, म्हणजे कोतवाल, शिपाई, आशा, अंगणवाडी यांच्यातली शंभरातली किती माणसे तपासली गेली?

दोन, ज्यांचे बीपी किंवा साखर जास्त निघाली, त्यांच्यापैकी सहा महिन्यांनी किती जणांचे ताब्यात आहे?

तीन, तालुक्यात एका माणसाकडे एकाहून अधिक सजे किंवा ग्रामपंचायती किती आहेत, आणि किती महिन्यांपासून?

चार, हक्काची साप्ताहिक सुट्टी आणि मागितलेली रजा प्रत्यक्षात किती जणांना मिळाली?

पाच, किती चावड्या, उपकेंद्रे आणि मुक्कामाच्या ठिकाणी पाणी असलेला, कडी लागणारा संडास आहे?

यातल्या एकाही प्रश्नाला डॉक्टर लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. हजेरीपट, कार्यभाराचे आदेश आणि दोन डोळे पुरतात. तरी हे कुठल्याही अहवालात नसते, कारण यातले उत्तर आले की जू कुणी घडवले हा प्रश्न वर जातो. मलमपट्टीचे बिल सोपे, जू बदलण्याचा खर्च मोठा. रिक्त जागा भरायला हव्यात, मिटिंगा कमी करायला हव्यात, एकच माहिती चार खात्यांना चार नमुन्यांत मागणे थांबवायला हवे. यातली शेवटची गोष्ट तर फुकटात होणारी आहे.

गावानेही काही करावे

सगळे सरकारवर ढकलून आपण मोकळे होऊ नये. ग्रामसभेत आपण चावडीसमोरच्या कट्ट्यावर आणि कमानीवर खर्च मंजूर करतो, तसा एक संडास आणि पाण्याची टाकी मंजूर करता येते. मुक्कामी गाडीच्या दोघांना शाळेची नाहीतर समाजमंदिराची एक खोली, दिवा आणि पंखा देता येतो. काही गावे ते करतात, त्या गावची गाडी सहसा चुकत नाही, असे तिथली माणसे सांगतात. भाऊसाहेबांचे गावात बसायचे दिवस ठरवून फलकावर लिहून घ्या, आणि त्या दिवशी ते नसले तर जरूर जाब विचारा. पण दाखल्यासाठी रात्री अकराला फोन लावणे सोडा. २०२१ पासून ई-पीक पाहणी आपल्या मोबाईलवर आली आहे. ती वेळेत करून टाकली तर शेवटच्या आठवड्यातली धावपळ आपली वाचते आणि तलाठ्याचीही.

काम न करणाऱ्याला सोडू नका. पण काम करून मोडणाऱ्याला ओळखा. दोघांना एकाच शिवीत बसवले की पहिल्याचे काही जात नाही, दुसरा मात्र खचतो.

बेंदूर-पोळ्याला बैलापुढे पुरणपोळी ठेवून आपण त्याचे उपकार फेडतो, आणि तिसऱ्या दिवशी जू ठीक आहे का ते बघूनच औत जुंपतो. सरकारने पुढचे शिबिर जरूर घ्यावे, फोटो आम्ही छापू. पण सहा महिन्यांनी वरचे पाच प्रश्न घेऊन आम्ही पुन्हा त्याच कचेरीच्या पायरीवर येऊ. तुम्हीही या.